आईची सही चालते

"तुम्ही मुलीच्या कोण?"

पोलीस ठाण्यातल्या हवालदारापासून कोर्टातल्या शिपायापर्यंत प्रत्येकानं मला हे विचारलेलं आहे. मी सांगायची, "सहाय्यक व्यक्ती." त्यावर समोरचा माणूस थोडा वेळ बघत राहायचा आणि म्हणायचा, "म्हणजे मावशी का?" एका वॉर्डातल्या आयाबाईंनी मला पेशंटची आजी समजून बेडपॅन आणायला पिटाळलं होतं. मी आणलंसुद्धा. एकदा कोर्टात मला आरोपीच्या नातेवाइकांच्या बाकावर बसवलं. आरोपीची आई शेजारीच होती. तिनं मला पर्समधून काढून शेंगदाणे दिले आणि "तुमचा कोण आत आहे?" असं आपुलकीनं विचारलं.

तर हे काम काय असतं ते आधी सांगते, कारण सुशिक्षित माणसांनाही ते माहीत नसतं. अठरा वर्षांखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाला की तिची केस पोलिसांकडून बालकल्याण समितीपुढे जाते. तिथून दवाखाना, जबाब, कोर्ट असं चक्र सुरू होतं. ते अनेकदा वर्षानुवर्षं चालतं. या सगळ्यात तिच्याबरोबर राहायला, तिला पुढं काय होणार ते समजेल अशा भाषेत सांगायला समिती एक माणूस नेमून देऊ शकते. तो पोलीस नसतो, वकील नसतो, नातेवाईक तर नसतोच. मी पनवेलच्या एका शाळेत समुपदेशक होते. निवृत्तीनंतर हे काम घेतलं. गुडघ्यांनी हात टेकले तेव्हा सोडलं. बऱ्याच मुली आठवतात, पण लिहायला बसले की एकच समोर येते. तिच्या केसचा माझा राग अजूनही गेलेला नाही, म्हणून तिच्याबद्दलच लिहिते.

तिला सायली म्हणू या. खरं नाव अर्थातच वेगळं. सोळा वर्षांची, अकरावी कॉमर्स. आईवडील मूळचे करंज्याचे, समुद्रावर जगलेली माणसं. वडील बोटीतला हिस्सा विकून बंदराच्या कामात शिरले आणि कामोठ्यात फ्लॅट घेऊन राहू लागले. सोसायटीचे सेक्रेटरी झाले. आई मात्र पहाटे करंज्याला जाऊन लिलावातली मासळी घ्यायची आणि कामोठ्याच्या बाजारात विकायची. नवऱ्याला ते आवडत नव्हतं. तिनं सोडलं नव्हतं.

सायली सेक्टरमधल्या एका क्लासला जायची. क्लास चालवणारा तरुण त्यांच्याच समाजातला, ओळखीचा, घरी येणारा-जाणारा. अकाउंट्स शिकवायला तो सायलीला इतर मुलं गेल्यावर थांबवून घ्यायचा. महिन्यांमागून महिने. तिनं कोणाला सांगितलं नाही, कारण त्यानं तिला सांगून ठेवलं होतं की तुझ्या पप्पांचा माझ्यावर जास्त विश्वास आहे. आणि ते खरं होतं.

पोटात दुखतंय म्हणून आईनं तिला दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं की मुलीला दिवस गेलेत. डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं. कायद्यानं त्यांना ते कळवावंच लागतं. वडील आधी इतके भडकले की त्याला तोडायची भाषा करत होते. माझी नेमणूक झाली तेव्हा त्यांनी माझे हात धरले आणि म्हणाले, "मॅडम, याला सोडायचा नाही." मला बरं वाटलं. पुष्कळ बाप मुलीवरच भडकतात, हा निदान गुन्हेगारावर भडकलाय, असं मी घरी येऊन म्हटल्याचंही आठवतं.

पुढच्या आठवड्यात मी कामोठ्याला गेले तर दार अर्धवटच उघडलं.

"सायली झोपलीये," वडील म्हणाले.

"मी थांबते."

"मॅडम, आता तुमची तशी गरज नाही. आमचं घरातल्या घरात ठरतंय."

"काय ठरतंय?"

ते मला बाहेरच उभं ठेवून बोलले. क्लासवाल्याच्या घरची मंडळी येऊन गेली होती. गावातली दोन मोठी माणसं मध्ये होती. सायली अठराची झाली की लग्न लावून द्यायचं, तोवर मूल त्याच्या बहिणीकडे वाढेल. केसचं पुढं बघता येईल.

"आणि सायलीला काय हवंय?"

"ती माझी मुलगी आहे, मॅडम. माझ्या घरात राहते, माझं खाते. तिला काय कळतंय?"

मुलीला एकटीला भेटायचा मला हक्क आहे, आणि भेटू दिलं नाही तर मी इथूनच समितीला फोन लावते, असं मी जरा मोठ्यानं म्हटलं. शेजारचं दार किलकिलं झालं. सेक्रेटरीसाहेबांनी मला आत घेतलं.

सायली मागच्या गॅलरीत बसली होती. मोबाइल काढून घेतलेला, कॉलेज बंद. तिचं पोट अजून दिसत नव्हतं, पण ती सारखी ओढणी पुढं ओढत होती. मी तिला सांगितलं की मी तुझ्या पप्पांची माणूस नाही आणि पोलिसांचीही नाही. तिनं आधी आतल्या दाराकडे बघून घेतलं. मग म्हणाली,

"मॅडम, काल तो आला होता."

"कोण?"

"सर. त्यांच्या घरच्यांबरोबर. सोफ्यावर बसला होता. पप्पांनी मला चहा घेऊन बाहेर बोलावलं. मी ट्रे धरला तर तो म्हणाला, साखर कमी घातलीस ना?"

पोलिसांना तो आठवडाभर सापडत नव्हता. सगळीकडे शोध चालू आहे असं मला सांगण्यात येत होतं. आणि तो फिर्यादीच्या घरात बसून, जिच्यावर अत्याचार केला तिच्या हातचा चहा पीत होता.

"तुला काय हवंय, सायली?"

"मला तो नको. आणि हे पण नको." तिनं पोटाकडे बघितलंसुद्धा नाही. "मला कॉलेजला जायचंय."

मी खाली उतरले आणि रिक्षा केली ती थेट पोलीस ठाण्याची. त्यांनी त्याला दोन दिवसांत उचललं. कुठं बसतो ते कळल्यावर शोध सोपा झाला असावा.

आता कायदा. गर्भपाताच्या कायद्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी लिहिल्या आहेत. मुलगी अठराच्या आत असेल तर पालकाची लेखी संमती लागते. आणि गर्भवतीच्या स्वतःच्या संमतीशिवाय गर्भपात करता येत नाही. पहिलं वाक्य मला भेटलेल्या प्रत्येक डॉक्टरला, पोलिसाला, पुढाऱ्याला पाठ होतं. दुसरं बहुतेकांच्या गावीही नव्हतं. म्हणून आईबाप नको म्हणणाऱ्या मुलीला ओढत आणून टेबलावर झोपवतात, आणि हवं म्हणणारीला घरात कोंडून ठेवतात. दोन्ही प्रकार मी पाहिलेत. दोन्हीकडे वाक्य एकच: आमची मुलगी आहे.

त्यात मुदत असते. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, पुढं चोवीसपर्यंत दोघांचं लागतं, आणि तीही वेळ टळली की हायकोर्टाची पायरी. वडिलांना हे पक्कं माहीत होतं. त्यांना कुणाशी भांडायचंच नव्हतं. सही न करता नुसतं बसून राहिलं की काम होणार होतं.

मी रुग्णालयात गेले. मोठं सरकारी रुग्णालय, नाव सांगत नाही. ड्युटीवरचा डॉक्टर तरुण होता, वाईट नव्हता.

"वडिलांना घेऊन या, आज ॲडमिट करतो."

"वडील सही करणार नाहीत."

"मग मी काही करू शकत नाही. नियम आहे."

"नियमात पालक म्हटलंय. वडील कुठं म्हटलंय? मुलगी ज्याच्या देखभालीत आहे तो पालक. आई चालते."

तो खुर्चीत मागे रेलला. "मॅडम, उद्या तो बाप चार माणसं घेऊन वॉर्डात येईल. काच फुटेल. तुम्ही असाल का इथं?" नंतर त्यानं सुटकेचा मार्ग काढला, "समितीचं पत्र आणा."

त्याची भीती खोटी नव्हती हे मला मान्य आहे. पण त्याच्या भीतीची किंमत सायलीनं का द्यायची? दिवस गेलेत असं आपण किती सहज म्हणतो. इथं रोज एकेक दिवस खरोखर जात होता, आणि प्रत्येक टेबलावरचा माणूस तिला पुढच्या टेबलाकडे ढकलत होता.

समितीची बैठक लागली. वडील गावातल्या एका पुढाऱ्याला घेऊन आले. पुढारी आत येऊन खुर्चीत बसला, कुणी त्याला विचारलं नाही तू मुलीचा कोण. सायली उभी होती. आई दाराजवळ भिंतीला लागून. एक सदस्य वडिलांना समजावत होते की अशा प्रसंगात घर मोडू नये. एक बाई म्हणाल्या, "पण त्या बाळाचा काय दोष?" मग अध्यक्षांनी फार प्रेमानं विचारलं,

"बाळ, तुला काय वाटतं? घाबरू नको, सांग."

वडील तिच्यापासून हातभर अंतरावर. पुढारी मिशीवर बोट फिरवत तिच्याकडे बघतोय. सायलीनं मान खाली घातली.

"म्हणजे तिची काही हरकत दिसत नाही," ते सदस्य म्हणाले.

मी उठून उभी राहिले. म्हटलं, तिला एकटीला विचारा, हे सगळे बाहेर जाऊ देत. माझा आवाज चढला असेल. वडिलांनी लगेच हात जोडले. "साहेब, या बाईंना आधी काढा. यांनीच माझ्या घरात आग लावलीय. मी मुलीचा पालक आहे, मला त्या नकोत."

पालकाला तशी विनंती करता येते. आणि मुलीलाही करता येते, म्हणून अध्यक्षांना सायलीकडे वळावं लागलं. "तुलाही नकोत का या मॅडम?"

"मला पाहिजेत." इतकंच बोलली. पण सगळ्यांना ऐकू गेलं.

त्यामुळे मी राहिले. बाकी निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. पुढची बैठक कधी, तर कळवण्यात येईल. बाहेर व्हरांड्यात मला रडू येत होतं, ते संतापाचं होतं. अख्खी समिती बसली होती, मुलीचं हित बघणं हे तिचं एकमेव काम होतं, आणि तिला एका मुलीला दहा मिनिटं बापाच्या नजरेआड बसवता आलं नाही.

या सगळ्या प्रवासात एक माणूस असा होता की ज्याला कोणीच काही विचारलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी कामोठ्याच्या बाजारात गेले. सायलीची आई बोंबील मांडून बसली होती. मला बघून तिनं बाजूची प्लास्टिकची पाटी उलटी केली आणि त्यावर बसायला सांगितलं.

"ताई, मी काय बोलनार? घरान सगला त्यांचाच चालतं."

"तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

तिनं एका गिऱ्हाइकाला बोंबील कापून दिले, पैसे घेतले, गिऱ्हाईक गेल्यावर बोलली. "पोरगी राती झोपत नाय. माज्या कुशीत येऊन पडते, लहान व्हती तशी. त्या मेल्याचा चहा मीच केला व्हता ताई. आदी माज्या हातावर गरम पानी का नाय पडला?"

"मग तुम्ही सही का करत नाही?"

"कोन, मी?"

"तुम्ही. तुम्ही आई आहात. मुलगी तुमच्याजवळ राहते. तुमची सही चालते."

"माजी सई चालते?" विळीवरचा हात थांबला. "त्यांची नसली तरी?"

"नसली तरी."

"मंग इतके दिवस मना कोनी सांगला का नाय?"

डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. पोलिसांनी सांगितलं नव्हतं. समितीपुढे ती तासभर भिंतीला टेकून उभी होती, तिथं एकानंही तिच्याकडे मान वळवून म्हटलं नव्हतं की बाई, तुम्हीही पालक आहात. मी स्वतः डॉक्टरला नियम पटवून द्यायच्या आणि तिच्या नवऱ्याशी भांडायच्या नादात होते, आणि तिच्यापर्यंत यायला मला ही सकाळ उजाडावी लागली.

तिनं शेजारणीला हाक मारली. "माजी पाटी बग गो, मी येतंय." विळी पाण्यानं धुतली, हात धुतले, पदर खोचला. घरी जाऊन सायलीला घेतलं. वडील कामावर होते. आम्ही तिघी रिक्षानं रुग्णालयात गेलो.

वॉर्डाच्या दारात आया म्हणाली, "मासळीचा वास येतोय, जरा लांब उभ्या राहा." सायलीची आई लांब उभी राहिली नाही. ती सरळ त्या तरुण डॉक्टरच्या टेबलापाशी गेली.

"मी हिची आई हाय. कुटं सई करू?"

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं, मग विभागप्रमुख बाईंना बोलावणं पाठवलं. त्या आल्या, त्यांनी कागद वाचले आणि आईला बसायला खुर्ची दिली. मग त्यांनी जे केलं ते इतके दिवस कोणीच केलं नव्हतं. आईला बाहेर थांबवलं, मलाही थांबवलं, पडदा ओढला आणि सायलीशी एकटीशी बोलल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "मुलीची स्पष्ट इच्छा आहे. करून घेऊ." आईनं अक्षर जोडत जोडत सही केली. मी हट्ट धरून त्याच्याखाली सायलीचीही सही घ्यायला लावली. कायद्याला तिची संमती पुरते, सही लागत नाही म्हणे. मला लागत होती.

संध्याकाळी वडील आले. बरोबर चार माणसं होती. काच फुटली नाही; प्रमुख बाईंनी दारात दोन पोलीस उभे करून ठेवले होते. इतकं सोपं होतं ते. वडील जिन्यातून ओरडत होते, "माझ्या परवानगीशिवाय हात कसा लावला?" आत सायली आईचा हात धरून पडली होती. दुसऱ्या दिवशी सगळं पार पडलं. पुराव्यासाठी नमुने पोलिसांकडे गेले.

घरी परतायचा प्रश्नच नव्हता. मायलेकी करंज्याला आजोळी गेल्या. कॉलेजच्या प्राचार्यांनी मला चहा देऊन समजावलं की तिच्याच भल्यासाठी दाखला काढून न्यावा, इतर मुलींवर परिणाम होतो. मी विचारलं, ज्यानं केलं त्याच्या क्लासचा बोर्ड अजून तुमच्या गेटसमोर आहे, त्याचा मुलींवर परिणाम होत नाही का? ते हसले. भांडायची ताकद सायलीत उरली नव्हती. तिनं बारावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि घरी बसून अभ्यास केला. कॉलेजात बसण्याचा हक्क तिला होता, तो मला मिळवून देता आला नाही. ती सल आहे.

पोटातलं मूल त्याचंच होतं हे तपासणीत सिद्ध झालं. तरी त्याला जामीन मिळाला, आणि भावाच्या नावानं क्लास पुन्हा सुरू झाला.

सायलीला अठरा पूर्ण झाली त्यानंतर थोड्याच दिवसांत तिची साक्ष लागली. आदल्या आठवड्यात मी करंज्याला गेले होते, कोर्टात काय काय होतं ते सांगायला. बाहेर वाकट्यांची मासळी वाळत घातलेली, आम्ही ओट्यावर बसलो होतो. तेवढ्यात वडील आले. वर्षभरात पहिल्यांदाच. बारीक झाले होते. आईनं काही न बोलता पान वाढलं; भात आणि कालवण. ते जेवायला बसले. दोन घास झाल्यावर सायलीला म्हणाले,

"आता तू मोठी झालीस. कोर्टात तुझ्या शब्दाला किंमत आहे. फक्त एवढंच सांग की तुझ्या मर्जीनं झालं आणि मॅडमनी फिर्याद वाढवून लिहायला लावली. ते लोक अजून लग्नाला तयार आहेत. मी शब्द दिलाय."

सायलीनं काही उत्तर द्यायच्या आत आई उठली. तिनं वाकून नवऱ्याच्या पुढ्यातलं ताट उचललं. अर्धा भात तसाच होता. ती ते आत घेऊन गेली. जेवत्या माणसाचं ताट उचललेलं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं. त्यांचा हात तसाच खरकटा, हवेत. मग ते उठले, दारातल्या पिंपातलं पाणी घेऊन हात धुतला आणि गेले.

सायलीनं साक्ष दिली. आरोपी दिसू नये म्हणून मध्ये पडदा होता. त्याच्या वकिलांनी तिला विचारलं की वडिलांच्या संमतीशिवाय तू एवढा मोठा निर्णय कसा घेतलास. न्यायाधीशांनी प्रश्न नाकारला. ती तरी म्हणाली, "आईला विचारून घेतला," आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत उभी राहिली.

निकालाच्या दिवशी ती आली नाही. बी.कॉम.ची परीक्षा चालू होती. मी कोर्टात बसले होते. तो दोषी ठरला. त्याचे वकील लगेच अपिलाचं बोलायला लागले, म्हणजे हे अजून संपलेलं नाही. बाहेर येऊन मी सायलीला फोन लावला.

"दोषी ठरला," मी म्हटलं.

"बरं झालं, मॅडम." मागे मुलींचा गलका चालला होता. "नंतर बोलू का? बेल झाली."

मी फोन पर्समध्ये टाकला तर समोर तिचे वडील उभे. ते दिवसभर कोर्टाच्या आवारातच होते म्हणे, आत मात्र आले नाहीत.

"तिला सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"पेपर आहे म्हणाली."

ते थांबून राहिले. त्यांना आणखी काही ऐकायचं होतं. तिनं आणखी काही सांगितलं नव्हतं.